निरोपाच्या दिवशी मी रिझर्व्हवर

मी आंघोळीला गेले की माझा फोन आई हातात धरून बाथरूमच्या दाराबाहेर उभी राहते. वाजला तर उचलायचा नाही, फक्त दार ठोठवायचं, एवढंच तिचं काम. खांद्यावर पट्टे लावून विमान चालवणारी मी बाई, डोक्याला साबण फासून आतून ओरडते, "आई, आहेस ना?" आणि बाहेरून आवाज येतो, "आहो न माय, कुठं पळून जाऊन राहिली मी? आंघोळ कर गुमान."

याला आमच्या धंद्यात रिझर्व्हवर असणं म्हणतात. आमची विमान कंपनी लहान, विमानं पंख्यांची, रायपूरहून आजूबाजूच्या लहान शहरांना जाणारी. त्यातली काही विमानं सुट्या भागांची वाट बघत उभी आहेत, त्यामुळे वैमानिक जास्त आणि विमानं कमी असं होऊन बसलंय. जुन्या लोकांना उड्डाणं मिळतात, माझ्यासारख्या नव्यांना रिझर्व्ह. म्हणजे कोणी आजारी पडलं, कोणी कुठे धुक्यात अडकलं, तर त्याच्या जागी जायला घरी तयार होऊन बसायचं. आमच्या ड्यूट्या लावणाऱ्या ऑफिसला क्रू कंट्रोल म्हणतात. त्यांचा फोन आला की ठरलेल्या वेळात विमानतळावर हजर. आमचं घर भिलाईत, कोहक्याला. तिथून रायपूरचं विमानतळ, मध्ये कुम्हारी, मध्ये टाटीबंधची ती मेली गर्दी, म्हणजे निघायला उशीर करून चालतच नाही. गाडी रस्त्याकडे तोंड करून लावलेली. केसांना तेल नाही. कणकेत हात नाही. लग्नात गेले तर दाराजवळची खुर्ची, बाजारात गेले तर अर्धी भाजी घेऊन परत. दुपारी डोळा लागला तरी कान जागे.

आणि एवढं सगळं करून फोन येतच नाही. हीच तर रड आहे. सकाळी युनिफॉर्मला इस्त्री करायची, बूट पुसायचे, बॅग दाराशी ठेवायची, आणि संध्याकाळी रिझर्व्ह संपली की तोच न चुरगळलेला शर्ट परत हँगरला लावायचा. आई तो कपाटात ठेवताना काही बोलत नाही. ती काही बोलत नाही याचाच मला जास्त राग येतो.

मला लाज वाटते, सरळ सांगते. पायलट म्हटली की लोकांच्या डोक्यात ती आभाळात असते. ती गल्लीत दूधवाल्यापुढे पातेलं धरून उभी दिसली की त्यांना काही सुधरत नाही. समोरच्या घरातल्या आंटी गेटवर रेलून विचारतात, "क्या बेटा, आज भी छुट्टी?" त्या 'भी'वर त्यांचा असा काही जोर असतो की मी आत येऊन उशीला बुक्के मारते. आमच्या घरात राग माझ्याच नाकावर असतो, बाकी दोघं शांत आहेत. बाबा तर इतके शांत की कधीकधी त्यांचीच चीड येते.

कारण बाबांना लाज अशी नव्हतीच. आंटींनी विचारलं की ते अंगणातून कळवायचे, "छुट्टी नहीं है जी, रिजर्व है. ड्यूटीपर है वो." आणि मी ड्यूटीवर असलेली बाई तेव्हा गाऊन घालून वाटाणे सोलत असायची.

"बाबा, कावून सांगता साऱ्या गल्लीले?"

"खोटं थोडी सांगून राहिलो?"

"खोटं नाही, पण कायले सांगायचं?"

"विचारते म्हणून सांगतो. तुले काय होते?"

बाबा स्टील प्लांटच्या एका मिलमध्ये क्रेन चालवायचे. कारखान्याच्या छताखाली रुळांवर पळणारी मोठी क्रेन, आणि ते तिच्या केबिनमध्ये, वर. खालच्या गोंगाटात वर काही ऐकू येत नाही, म्हणून खाली एक माणूस उभा राहून हातांनी खुणा करतो. बोट वर करून गोल फिरवलं की उचल. तळवा खाली दाबला की सोड. बाबांना खूण करणारा माणूस सगळी वर्षं एकच होता. दुर्गजवळच्या गावचे, छत्तीसगढी, बाबांचे जीवाचे दोस्त. मी त्यांना चाचा म्हणते, ते मला नोनी म्हणतात. त्यांच्या गावाकडे पोरीला नोनीच म्हणतात. चाचांचा हात हलल्याशिवाय बाबांनी कधी लोखंडाचा तुकडा उचलला नाही, असं दोघंही अभिमानानं सांगतात.

यावरून बाबा मला समजवायला जायचे. "अर्धी शिफ्ट मी बी वर बसून खुणेची वाटच पाह्यली. म्हणून का मी रिकामा होतो? खुर्चीत होतो म्हणजे ड्यूटीत होतो."

"तुमी क्रेनमधे बसून होते, बाबा. मी सोफ्यावर बसून आहो."

यावर ते हसायचे. मला हसू यायचं नाही.

बाबांच्या रिटायरमेंटची तारीख जवळ आली तेव्हा त्यांनी माझ्याकडे एक गोष्ट मागितली. भिलाईत प्लांटमधून माणूस निवृत्त होतो तेव्हा सोबतचे लोक त्याला हार घालून, फुलांनी सजवलेल्या गाडीतून, वाजतगाजत घरी आणून सोडतात. घरचे दारात उभे असतात. आणि हार गळ्यात असतानाच, उंबऱ्यावर, सगळ्यांचा एक फोटो निघतो. पुढे तो फोटो बैठकीच्या खोलीत लागतो, आणि जाणारा-येणारा चहा पिता पिता तो बघतो. लहानपणी आम्ही कॅम्प-१ मध्ये राहायचो, तिथेही ज्याच्या त्याच्या भिंतीवर असा एक फोटो असायचाच.

"त्या फोटोत तू माह्या बाजूनं पाह्यजे," बाबा म्हणाले. "युनिफॉर्मवर. बस. बाकी मले काही नाही पाह्यजे."

बाबांनी मला आयुष्यात काही मागितलेलं नाही. मी शिकायला गेले तेव्हा त्यांनी काय काय विकलं ते मला आत्यानं सांगितलं, त्यांनी नाही. म्हणून मी सुट्टीचा अर्ज केला, ऑफिसात फोन केले, एका बाईंशी भांडलेसुद्धा. सुट्टी मिळाली नाही. त्या दिवशी रिझर्व्ह लागली.

"फोन नाही आला तर मी आहोच न, बाबा."

"आन् आला तर जायचं. त्यात काय? हार काही मले तूच थोडी घालनार आहे."

असं ते म्हणाले खरं, पण त्या दिवसापासून ते रोज मोबाईलवर रायपूरचं हवामान बघायला लागले. धुकं नको, पाऊस नको. कोणाला ताप यायला नको. तिकडे ते फोन येऊ नये म्हणून जीव टांगून होते आणि इकडे मी, त्यांची पोटची पोरगी, मनातल्या मनात फोन यावा म्हणत होते.

हो. यावा असंच वाटत होतं मला. कॅम्प-१ चे जुने शेजारी येणार, बाबांच्या मिलमधले सगळे येणार, गोंदियाहून आत्या येणार, आणि त्या सगळ्यांच्या मध्ये मी पांढरा शर्ट, काळी टाय, खांद्यावर पट्टे लावून उभी राहणार. शाळेतल्या फॅन्सी ड्रेसमधल्या पोरीसारखी. आणि एकेक जण येऊन विचारणार. त्यापेक्षा फोन यावा, मी बॅग ओढत सगळ्यांसमोरून जावं, आणि मागे लोकांनी म्हणावं, बघा, बोलावणं आलं. बाबांच्या बाजूची जागा त्या चित्रात रिकामी राहत होती, ते मला दिसत होतं. तरी मला तेच चित्र आवडत होतं.

त्या दिवशी सकाळी युनिफॉर्म घातला. नंतर बुद्धवंदना व्हायची होती, म्हणून आईनं पांढरी साडी नेसली होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "शोभते वं." मी म्हटलं, "शोभेलच. घरात बसायलाच तर घालते." तिचं तोंड एवढंसं झालं. असं माझं बोलणं असतं, तोंडातून निघाल्यावर कळतं.

दुपारनंतर गल्लीच्या तोंडाशी धुमाल सुरू झाला. आमच्याकडे लग्नाला, मिरवणुकीला हे ताशेवाले बोलावतात, आणि ते वाजवायला लागले की पोटातलं पाणी हलतं. मी फोन व्हायब्रेटवर ठेवून मुठीत घट्ट धरला. गाडी आली. बाबा उतरले. हारांच्या मागे त्यांचे फक्त डोळे दिसत होते, आणि ते डोळे आधी मला शोधत होते. मी दिसले तसे ते हसले, हातानंच म्हणाले, आहेस ना? मी मान हलवली. त्या वेळी मला खरंच आनंद झाला होता, हे पण सांगायला पाहिजे.

पण लगेच फोटो निघाला नाही. फोटोवाला अजून पोचला नव्हता. बाबांना दारापुढच्या मांडवात खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, आणि तेवढ्या वेळात लोक माझ्याकडे वळले.

"अरे वा, पायलट मैडम! आज उड़ाना नहीं है?"

"अभी कौन-सा प्लेन चलाती हो बेटा? मतलब... अभी?"

"हमने सुना कंपनी बंद हो रही है?"

मी सगळ्यांना तेच तेच सांगत होते. रिजर्व, रिजर्व, रिजर्व. प्रत्येक वेळी तो शब्द आणखी हलका वाटायला लागला. कॅम्प-१ च्या एका काकूंनी तर माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "होते माय, लागते नोकरी." मी म्हटलं, "काकू, नोकरी लागलेली आहे." त्या म्हणाल्या, "हाव न, हाव न," आणि अजूनच प्रेमानं हात फिरवायला लागल्या.

मग आत्या. बाबांची मोठी बहीण, मनानं चांगली, पण तिचा आवाज शेतात हाक मारल्यासारखा. मांडवभर ऐकू जाईल असं तिनं विचारलं, "कावो पोरी, हे कपडे घालून घरीच राह्यते का तू? नोकरी आहे न अजून?"

"नाही व आत्या," मी म्हटलं, तिच्यापेक्षा मोठ्या आवाजात. "कपडे भाड्यानं आणले. फोटोसाठी. बाबाची हौस."

दोन बायका हसल्या, मग हसायचं थांबल्या. आत्याचा चेहरा पडला. मी बाबांकडे पाहिलं. त्यांना ऐकू गेलं होतं. त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं, मग नजर मांडवाच्या कोपऱ्याकडे नेली आणि हारांच्या आडून उजव्या हाताचं बोट वर करून हवेत गोल फिरवलं. मला वाटलं, धुमालवाल्यांना म्हणतायत, वाजवा. विषय बदलायला.

माझ्या मुठीतला फोन थरथरला.

नंबर अनोळखी. क्रू कंट्रोलचे नंबर कधी कधी बदलतात. मी कानाला लावून घराच्या भिंतीकडे सरकले.

"मैडम, कंट्रोल से बोल रहे हैं. एक फ्लाइट है. आपको आना पड़ेगा."

"कौन-सी फ्लाइट?"

पलीकडे कोणीतरी खाकरलं. मग, "वो... रायपुर वाली."

आमची सगळीच विमानं रायपूरवाली असतात. "रिपोर्टिंग कितने बजे?" मी विचारलं.

"हहो," पलीकडून उत्तर आलं.

छत्तीसगढी माणूस हो म्हणताना हहो म्हणतो, आणि हे हहो मी चालायला शिकायच्या आधीपासून ऐकत आले होते. मी मान वर केली. मांडवाच्या कोपऱ्यात पाण्याच्या कॅनमागे चाचा आमच्याकडे पाठ करून उभे होते. एका कानाला फोन, दुसऱ्या कानात बोट.

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला म्हणता! मला वाटलं, बघा, बाबांना पण लाज वाटते. इतके दिवस ड्यूटी ड्यूटी करत होते, आणि आता चार लोकांसमोर पोरगी रिकामी दिसते म्हणून दोस्ताकडून खोटा फोन करवला. माझ्या नोकरीचं नाटक, माझ्याच घरच्या मांडवात. मी तिथूनच हाक मारू शकत होते, "ओ चाचा, इधर आओ, कंट्रोलवाले!" सगळा मांडव हसला असता. चाचा लाजले असते, आत्यासुद्धा हसली असती, आणि संपलं असतं.

पण रागाच्या खाली दुसरं काहीतरी होतं, आणि ते रागापेक्षा जोरात होतं. सुटका. फोन आला होता. खोटा का असेना, सगळ्यांच्या देखत आला होता.

"यस सर," मी मोठ्यानं म्हटलं. "निकलती हूँ. तुरंत."

लोकांनी लगेच वाट करून दिली. कोणीतरी म्हणालं, "फ्लाइट का बुलावा आ गया." आत्या डोळे पुसत म्हणाली, "जा माय, जा, सांभाळून जाय." काकूंनी हात जोडले. आई आतून धावत डबा घेऊन आली, तिला यातलं काही माहीत नव्हतं. मी बॅग उचलली आणि बाबांपुढे गेले. ते खुर्चीतून उठले होते. हारांमुळे त्यांना मान नीट वळवता येत नव्हती.

"जाशील?" ते म्हणाले.

"जावंच लागन न, बाबा. ड्यूटी आहे."

मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं. टोचावं म्हणूनच म्हटलं. ते म्हणाले, "बरं. सावकाश चालवजो गाडी."

धुमालवाल्यांनी माझ्यासाठी खास ताशा वाजवला. मी आरशात न बघता गल्ली सोडली.

जायचं कुठे? रायपूरला जाऊन काय करणार? मी हथखोजकडे गाडी वळवली. तिथे लहान लहान कारखाने आहेत, लोक आपापल्या कामात असतात, कोणी ओळखीचं भेटत नाही. एका कारखान्याच्या भिंतीच्या सावलीत, उभ्या ट्रकांच्या मागे गाडी लावली आणि स्टिअरिंगवर एकटीच बडबडत बसले. बाबांना काय काय सुनवायचं ते जुळवत होते. मग भूक लागली. भांडण जुळवताना मला नेहमीच भूक लागते. आईचा डबा उघडला.

गेटवरचा वॉचमन येऊन खिडकीशी वाकला. माझा शर्ट, पट्टे, टाय बघून त्यानं आपुलकीनं विचारलं, "आप कौन-सी कंपनी की सिक्योरिटी में हो, मैडम?"

मी म्हटलं, "इधर ही, पास में."

"ड्यूटी खाली है?"

"हाँ."

"अच्छा है, बैठो आराम से," तो म्हणाला आणि आपल्या स्टुलावर जाऊन बसला. मी डब्यातली पुरी तोडली. दिवसभरात हा पहिला माणूस होता ज्याला मी रिकामी बसलेली बघून काही खटकलं नाही.

फोन थरथरला. तोच अनोळखी नंबर.

"नोनी, पहुँच गई?" या वेळी चाचा चाचांसारखेच बोलत होते.

"चाचा, मैंने आपको देख लिया था. कैन के पीछे."

मागे वंदनेचा आवाज येत होता, सगळे एका सुरात म्हणत होते. चाचा फोन घेऊन बहुधा गल्लीत आले, आवाज मागे पडला.

"हहो," ते म्हणाले. "तेरे बाबा भी यही बोले. बोले, उसने पहचान लिया."

मी डब्याचं झाकण लावलं.

"कल से बोल के रखे थे मेरे को. कि सब लोग नोनी को पूछ-पूछ के परेशान करेंगे. मैं उँगली घुमाऊँगा तो तू किसी और के फोन से लगा देना. हँस के रुक गई तो बढ़िया. और नहीं तो उसको निकलने का रास्ता हो जाएगा. इज्जत से."

इतकी वर्षं चाचांनी खूण करायची आणि बाबांनी उचलायचं असं चाललं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा खूण बाबांनी केली होती. बोट गोल फिरवून, मला त्या मांडवातून उचलायला सांगितलं होतं.

"मैं बोला भैया, और फोटो?" चाचा म्हणाले. "तो कुछ बोले नहीं."

"फोटो हो गया?"

"हो गया, नोनी. फोटोवाले को आगे दूसरे घर जाना था. तेरे बाबा बोले दो मिनट रुको. फिर बोले, चलो, खींच लो."

मग मला ते 'जाशील?' ऐकू आलं. जा नव्हते म्हणाले ते. जाशील का, असं विचारत होते. त्यांना माहीत होतं की फोन खोटा आहे, त्यांना दिसलं होतं की मला कळलंय, आणि तरी त्यांनी विचारून बघितलं. मी काय उत्तर दिलं ते वर लिहिलंच आहे.

मी इतकी रडले की वॉचमन पाण्याची बाटली घेऊन आला. "साहब ने डाँटा क्या?" त्यानं विचारलं. मी मान हलवली, गाडी फिरवली आणि घरी निघाले.

गल्लीत शिरले तेव्हा पंगती बसल्या होत्या. धुमालवाले पण जेवत होते. मी बॅग ओढत मांडवात आले तशी एकेक मान वर झाली. आत्यानं घास हातात धरूनच विचारलं, "अवो, आली कशी? विमान रद्द झालं का?"

हो म्हटलं असतं तर भागलं असतं. आत्यानं उत्तर हातातच ठेवलं होतं.

"विमान नव्हतंच, आत्या," मी म्हटलं. "मी रिझर्व्हवर आहो. फोन येते नाही तर नाही येत. आज नाही आला."

माझा आवाज शेवटाला फाटला. वाढणाऱ्याचा भाताचा चमचा वरच्या वर थांबला. चाचा पाण्याच्या कॅनकडे बघत होते. मग बाबा आपल्या ताटावरून उठले, उष्ट्या हातानं, आणि बाजूची खुर्ची कोपरानं ओढून म्हणाले, "जेवू द्या तिले आधी. ड्यूटीवर आहे. कवा बोलावतील काही सांगता येत नाही."

मी बसले. त्यांच्या गळ्यात हार नव्हता. शर्टाला झेंडूच्या पाकळ्या तेवढ्या चिकटलेल्या होत्या.

"बाबा, परत काढू न फोटो. हार घाला परत. मोबाईलवर काढू."

"आता कुठं?" ते हसले. "माणूस दोन वेळा थोडी रिटायर होते?"

हसून म्हणाले ते. रागवले असते तर मी भांडले असते, मला भांडता येतं. मी खालच्या आवाजात म्हटलं, "मी चाचाले ओळखलं होतं."

"माईत आहे मले."

"तरी गेली मी."

"हाव," ते म्हणाले. "भाजी घे."

त्या दिवशी फोन आला नाही. संध्याकाळी रिझर्व्ह संपली, मी शर्ट काढला, आणि आईनं तो न बोलता हँगरला लावला.

तो फोटो आता आमच्या बैठकीत आहे. मध्ये बाबा, डावीकडे आई, मागे आत्या, चाचा आणि मिलमधले लोक. बाबांच्या उजवीकडे एका माणसाची जागा सुटलेली आहे. फोटोवाला म्हणाला होता म्हणे, जवळ या, मधे जागा दिसते. सगळे सरकले, बाबा सरकले नाहीत. त्या फटीतून मागे दाराची कडी स्वच्छ दिसते.

माझी रिझर्व्ह अजून चालूच आहे. अधूनमधून एखादं उड्डाण मिळतं, बाकी घरी. पाहुणे येतात, चहा पितात, फोटो बघतात आणि विचारतात, यात पोरगी नाही दिसत ती? बाबा पेपरातून मान वर न करता सांगतात, "ड्यूटीवर होती."

त्यात खोटं काही नाही. हथखोजच्या त्या भिंतीआड पुरी खात बसले होते तेव्हा कागदोपत्री मी ड्यूटीवरच होते. बाबा तसं सांगतात तेव्हा मी सोफ्यावर असले तर फोन उचलते, वाजल्यासारखं करून कानाला लावते, आणि आतल्या खोलीत निघून जाते. बाबांना कळतं. ते मला कधी विचारत नाहीत, कोणाचा होता म्हणून.